स्वावलंबनाचे पाठांतर

दर वर्षी २२ सप्टेंबर उजाडला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळाशाळांतून कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती साजरी होते. प्रतिमेला हार घातला जातो, पाहुण्यांचा परिचय होतो आणि मग मुले एकामागून एक उठून भाषणे करतात. विषय अर्थातच स्वावलंबनाचा. स्वावलंबी शिक्षण हे रयत शिक्षण संस्थेचे ब्रीद मुले खणखणीत आवाजात उच्चारतात, हातवारे नेमके ठरल्या ठिकाणी होतात आणि टाळ्याही ठरल्या ठिकाणी पडतात. या सगळ्यात एकच गोष्ट खटकते. ते भाषण बहुधा त्या मुलाचे नसते. बाईंनी किंवा वडिलांनी ते लिहून दिलेले असते आणि मुलाने चार दिवस घोकलेले असते. स्वावलंबनाचे पाठांतर करून घेण्याचा हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. माझी मुलगी सातवीत असताना तिला असेच एक भाषण मी लिहून दिले होते. भाषण उत्तम झाले. ते संपल्यावर परीक्षकांनी सहज विचारले, "बाळ, तू स्वतः घरात कोणते काम करतेस?" प्रश्न अवघड नव्हता, पण तो भाषणात नव्हता. तिने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिले. पुढे बक्षीस मिळाले आणि ते आजही आमच्या कपाटात आहे. ते दिसले की मला भाषण आठवत नाही, ती नजर आठवते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हीच नजर मला दर वर्षी भेटते. शालान्त परीक्षेत भरघोस गुण मिळवलेली मुले असतात. मागणी आणि पुरवठा यांची व्याख्या ती घडाघडा म्हणतात. पण 'तुमच्या गावच्या बाजारात परवा टोमॅटोचा भाव का पडला असेल?' एवढे विचारले की माना वहीत खाली जातात. उत्तर चुकेल आणि चार जण हसतील, ही त्यांची भीती त्यांच्या अज्ञानापेक्षा मोठी असते.

मुलांनी सवयीच्या, सुरक्षित वर्तुळाबाहेर पाऊल टाकले पाहिजे, हे वाक्य पालकसभांतून वारंवार ऐकू येते. त्याला विरोध कोण करणार? परंतु हे वर्तुळ कोणाचे, बाहेर टाकायचे पाऊल कोणते आणि पाय घसरलाच तर ते नुकसान कोणी सोसायचे, हे तीन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. त्यांच्या उत्तरांसाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांची जयंती आपण साजरी करतो, त्यांच्याच कार्याकडे जरा बारकाईने पाहिले तरी पुरे.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज ही दोन्ही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर उभी राहिली. मुलांनी स्वयंपाक करावा, लाकडे फोडावीत, शेतात राबावे आणि मग पुस्तक उघडावे, असा तेथील क्रम होता. एवढा भाग प्रत्येक भाषणात असतो.

भाषणात नसलेला भाग असा. वसतिगृहात आलेल्या बहुतेक मुलांना श्रम नवीन नव्हते. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरात जन्मलेल्या मुलाला कुदळ हाती धरायला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला अनोळखी होते ते पुस्तक. त्याहूनही अनोळखी होती ती पंगत. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा नाना जातिधर्मांची मुले एका ओळीत बसून, एकाच भांड्यातील भाकरी-आमटी खातात, हे त्या काळच्या खेड्यातील मुलाने कधी पाहिलेलेच नव्हते. उंबरठा ओलांडणे म्हणजे काय, हे त्या पंगतीत बसताना त्याला कळले असेल. कुदळीने त्याचे वर्तुळ मोडले नाही. शेजारी बसलेल्या मुलाने मोडले. भाऊरावांनी मुलांना कष्ट दिले असे आपण म्हणतो. वस्तुतः कष्ट त्यांच्यापाशी होतेच. भाऊरावांनी त्या कष्टांना शिक्षणाच्या दारापर्यंत नेणारी वाट दिली.

यातून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. प्रत्येक मुलाचे वर्तुळ निराळे असते, म्हणून प्रत्येकाचे पहिले पाऊलही निराळे असते. चार मैल पायपीट करून शाळेत येणाऱ्या मुलीला साहसाचे धडे देण्यासाठी डोंगरावर नेणे हास्यास्पद आहे. तिच्यासाठी साहस म्हणजे फळ्यापुढे उभे राहून 'मला हे समजले नाही' असे म्हणणे. उलट वक्तृत्वाची दहा बक्षिसे मिळवणाऱ्या मुलासाठी साहस म्हणजे शाळेचे अंगण झाडणे, किंवा ज्या वस्तीत आपण कधी पाऊल ठेवले नाही तेथील मित्राच्या घरी जेवायला बसणे. सगळ्या वर्गाला एकच उपक्रम दिला आणि अहवालात 'धाडस वाढले' असे लिहिले, म्हणजे काम झाले असे होत नाही.

तिसरा प्रश्न नुकसानीचा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जोखीम या शब्दाचा अर्थच मुळी नुकसान कोण भरून देणार यावर अवलंबून असतो. एकदा भाऊराव निधीसाठी बाहेर असताना वसतिगृहातील धान्य संपले. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची सोय केली. ही हकीकत आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात एक आर्थिक सत्यही आहे. मुले स्वावलंबी होती ती कोणाच्या तरी भरवशावर. दिवसभर राबून आल्यावर रात्री ताटात भाकरी असेल, नापास झालो तरी उद्या झोपायला छप्पर असेल, याची हमी कोणीतरी आपल्या गळ्यातला दागिना देऊन घेतली होती. या हमीवाचून वसतिगृहातील श्रम म्हणजे निव्वळ बालमजुरी ठरली असती.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी हेच दुसऱ्या अंगाने मांडले. मुलाला आज एकट्याने जे जमते आणि जाणत्याच्या मदतीने जे जमू शकते, यांमधील पट्ट्यात खरे शिक्षण घडते, असे ते म्हणत. जे एकट्याने जमते तेच देत राहिलो तर मूल जागच्या जागी राहते. मदतीनेही जमणार नाही असे काही लादले तर ते मोडून पडते.

मदतीचा हात नसताना केवळ खडतरपणाने मुले घडत असती, तर आपल्या परिसरातील सर्वांत तेजस्वी मुले ऊसतोड कामगारांच्या कोप्यांतून निघाली असती. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. दहा वर्षांची मुलगी पहाटेच्या थंडीत चूल पेटवते, पाणी भरते, धाकट्या भावाला दिवसभर सांभाळते. घर, गाव, शाळा, मैत्रिणी हे सारे तिने मागे टाकलेले असते. तिच्याइतके वर्तुळाबाहेर कोण गेले आहे? परंतु तिच्या पाठीशी कोणी नसल्याने हा प्रवास तिला पुढे नेत नाही. तो फक्त तिचे इयत्तेमागून इयत्तांचे नुकसान करतो. साखरशाळांचे प्रयत्न झाले, त्यांनी काही मुलांना हात दिला. तरी अनेक मुलींचा हंगाम कोपीतच सरतो. म्हणून 'हालअपेष्टांतूनच माणूस घडतो' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. हालअपेष्टांतून घडलेल्यांची चरित्रे लिहिली जातात, मोडलेल्यांची लिहिली जात नाहीत.

आधार असला म्हणजे काय होते याचेही उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील माणसे दुष्काळाला कंटाळून सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात शिरली आणि देशभर पसरली. मिसरूडही न फुटलेला मुलगा विट्याकडच्या एखाद्या खेड्यातून निघतो आणि हजार किलोमीटरवरच्या परमुलखात जाऊन उभा राहतो. तेथील भाषा त्याला येत नाही, अन्न रुचत नाही. तरी तो टिकतो, भाषा शिकतो, पुढे स्वतःचे दुकान थाटतो. त्याच्या अंगी धाडस असते हे खरे. पण त्या शहरात मामाचे किंवा गावच्याच कोणाचे तरी दुकान असते, तेथे अंथरूण असते आणि चूक झाली तर रागावून पुन्हा शिकवणारे माणूस असते, हेही तितकेच खरे. या व्यवसायापायी अनेकांची शाळा अर्ध्यावर सुटली, ही त्याची किंमत विसरता येणार नाही. तथापि परका मुलूख आणि आपले माणूस या दोहोंचा मेळ बसला तर सामान्य मूल कुठवर जाऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

आता आपल्या, म्हणजे शिक्षक, कारकून, प्राध्यापक यांच्या घरांकडे वळू. येथे परिस्थिती नेमकी उलटी आहे. कोपीतल्या मुलीला दार सताड उघडे आहे, आधार नाही. आपल्या मुलांना आधार भरपूर आहे, दारच नाही. शाळेत सोडायला गाडी, आणायला गाडी, मधल्या वेळेत शिकवणी. प्रकल्पाची वही आई पूर्ण करते आणि अर्ज वडील भरतात. याला केवळ लाड म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. यामागे एक हिशेब आहे आणि तो चुकीचाही नाही. चांगल्या जागा थोड्या, उमेदवार अमाप, आणि दोन गुणांनी जागा हुकते हे प्रत्येक कारकुनाने पाहिलेले असते. अशा बाजारात चूक महाग असते. आणि जी वस्तू महाग असते ती माणूस मुलाला हाताळू देत नाही. आईबाप मुलाला चुकू देत नाहीत ते भित्रे आहेत म्हणून नव्हे, चुकीची किंमत त्यांना परवडत नाही म्हणून.

तेव्हा मुलांना 'धीट व्हा' असा उपदेश करण्यापेक्षा चूक स्वस्त करणे, हे शाळेचे पहिले कर्तव्य ठरते. जेथे चुकल्यास गुण कापले जात नाहीत, कोणी हसत नाही आणि घरी चिठ्ठी जात नाही, असा दिवसातला एखादा तास तरी शाळेत असावा. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली, हे ठीकच झाले. पण वर्गात उठलेला हशा कायद्याच्या कलमाने थांबत नाही. तो शिक्षकाच्या नजरेने थांबतो.

अशी लहान लहान धाडसे वेळीच घडली नाहीत तर काय होते? दुसऱ्या महायुद्धात जहाज बुडाल्यावर अंगाने धट्टेकट्टे तरुण खलाशी लवकर धीर सोडतात आणि वयाने थोर, मुरलेले खलाशी तग धरतात, असे ब्रिटिश जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांचे निरीक्षण होते. त्यांच्या साहाय्याने कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी एक शाळा काढली. लहान संकटांशी देखरेखीखाली सामना करण्याची सवय लावली, तर मोठ्या संकटात मन टिकते, हे तिचे सूत्र. आपल्या मुलांना समुद्र दूर आहे. पण पहिल्या नापासाने खचून जाणारी, मुलाखतीत दोन वाक्ये न बोलता परत येणारी तरुण मुले आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्यापाशी बुद्धी कमी नव्हती. चुकून सावरण्याचा सराव त्यांना कधी मिळाला नव्हता.

हा सराव देण्यास फार पैसा लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून काही शिकावे, अशी सूचना आहे. हे दहा दिवस सहलीत आणि छायाचित्रांत घालवू नयेत. सांगलीच्या मुलांनी हळदीच्या बाजारात जाऊन सौदा कसा होतो ते पाहावे आणि व्यापाऱ्याला स्वतः प्रश्न विचारावेत. साताऱ्याच्या मुलांनी एस. टी. च्या स्थानकावर जाऊन वेळापत्रक वाचावे आणि कोणत्या गावाला दिवसातून एकच गाडी जाते, ती का, याचा शोध घ्यावा. बँकेतील पैसे भरण्याची चिठ्ठी मुलांनी स्वतः लिहावी; चुकली तर दुसरी घ्यावी. शिक्षकाने सोबत असावे, पण दोन पावले मागे.

याच्याही पुढे जाऊन एक सूचना करावीशी वाटते. सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत एकच जिल्हा होते. या एका टापूत केवढा फरक आहे! महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो जेमतेम ५०० च्या आसपास घुटमळतो. वाळव्याच्या मुलाला उसाचा फड ठाऊक आहे, टँकरपुढची रांग ठाऊक नाही. जतच्या मुलीला रांग ठाऊक आहे, पण जावळीच्या खोऱ्यातला आठ-आठ दिवस न थांबणारा पाऊस तिने पाहिलेला नाही. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी अलीकडे पूर्वेकडच्या काही गावांत पोहोचले आहे. मुले मात्र अजून एकमेकांच्या गावी पोहोचलेली नाहीत. वाळव्याच्या शाळेतील वीस मुले आठ दिवसांसाठी जतच्या घरांत राहायला गेली आणि जतची वीस मुले वाळव्यात आली, तर काय बिघडेल? साने गुरुजींनी आंतरभारतीच्या रूपाने प्रांताप्रांतांतील मने जोडण्याचे स्वप्न पाहिले होते. आपण निदान तालुक्यातालुक्यांपासून आरंभ करू. परक्या घरी वाढलेले निमूट खाणे, तेथील म्हातारीशी बोलणे, आपल्या घरी नळाला येणारे पाणी किती जणांच्या वाट्याचे आहे हे कळणे, याची बरोबरी कोणतेही व्यक्तिमत्त्व-विकास शिबिर करू शकणार नाही. भाऊरावांची पंगत आजच्या काळात मांडायची झाली तर ती अशीच मांडावी लागेल.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम कसा संपवायचा? अशैक्षणिक कामांचा भार आधीच काय थोडा आहे? आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे एखाद्या मुलाला इजा झाली तर चौकशी कोणाची होणार? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. जोखीम सगळी शिक्षकाने घ्यायची आणि कौतुक सगळ्यांनी वाटून घ्यायचे, ही रीत असेल तर कोणताही शहाणा शिक्षक मुलांना फाटकाबाहेर नेणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. येथे पुन्हा त्या मंगळसूत्राची आठवण होते. संस्थाचालकांनी लेखी परवानगी आणि विम्याची तजवीज करावी, पालकांनी पाळीपाळीने सोबत जावे, गावाने राहण्याजेवण्याचा भार उचलावा. मुलींच्या बाबतीत ही व्यवस्था अधिक चोख असावी. अन्यथा 'मुलींना नको' या एका वाक्यात निम्मा वर्ग पुन्हा घरी बसतो. स्वावलंबन मुलांनी शिकायचे असले तरी त्याची हमी मोठ्यांनी घ्यायची असते.

पुढची जयंती येईल तेव्हा एक लहानसा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. कोणालाही भाषण लिहून देऊ नये. मुलांना एवढेच सांगावे की यंदा तू पहिल्यांदा एकट्याने केलेल्या एखाद्या कामाविषयी चार वाक्ये बोल. बोलणे खणखणीत होणार नाही. कोणी मध्येच अडखळेल, शब्द सापडणार नाही, आणि सभागृहात एक अवघड शांतता पसरेल. त्या शांततेत पुढच्या रांगेतून कोणी शब्द पुरवू नये. बाईंनी नाही, वडिलांनीही नाही. मूल आपला शब्द शोधीपर्यंत थांबण्याइतका धीर आपल्या अंगी आहे की नाही, ही त्या दिवशीची परीक्षा असेल. आणि ती मुलांची नसेल, आपली असेल.